वाटी ठेवणारा हात

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी नणंद चौथीत होती आणि मी चौथी शिकलेली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या शेजारणींना सांगायच्या, "आमच्याकडं दोघी एकाच वर्गातल्या हायेत. एकीला शाळेत धाडते, एकीला चुलीपाशी." पुढच्या वर्षी नणंद पाचवीत गेली. मी तिथंच राहिले.

माझं माहेर सायखेड्याच्या अलीकडं. शाळेत मला धडा पाठ असायचा, पण गुरुजींनी उभं केलं की आवाज निघायचा नाही. चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की अजून तसंच होतं. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तेव्हाही तसंच झालं. बायका म्हणू लागल्या, "मुकी आणली का काय?" तेवढ्यात ही नऊ वर्षांची पोरगी पाटावर चढली आणि म्हणाली, "वहिनीच्या वतीनं मी घेते!" तिनं भावाच्या नावाचा उखाणा घेतला. सगळा मांडव हसला. मीही पदराआड हसले. तेव्हापासून माझ्या वतीनं बोलायचं काम तिचंच झालं. दुकानात, दवाखान्यात, माझ्या लेकीच्या शाळेत, सगळीकडं.

संध्याकाळी मी भाकरी थापायचे आणि ती शेजारी बसून मोठ्यानं धडे वाचायची. पाचवीचे, सहावीचे, असं करत दहावीपर्यंत. तिला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, अर्धे तुझे. तू ऐकलं नसतंस तर मी वाचलंच नसतं."

एकोणीसची झाली तेव्हा तिचं लग्न करून तिला घोटीकडं दिलं. चार वर्षांनी ती परत आली. मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी पाठवून दिली आणि पुन्हा न्यायला कुणी आलं नाही. आमची कॉलनी लहान. कोण कुणाकडं आलं, किती दिवस राहिलं, सगळ्यांना माहीत. तिला नाव असून बायका तिला 'ती परत आलेली' म्हणू लागल्या. ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मी ताट नेऊन ठेवायचे, तसंच उचलून आणायचे. माझ्यासाठी इतकं बोलणारी ती पोरगी, आणि तिच्यासाठी बोलायची वेळ आली तेव्हा मला एक शब्द सुचत नव्हता.

द्राक्षांच्या दिवसांत मी निफाडकडं पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जाते. आमच्या कॉलनीतल्या आठ-दहा बायका टेम्पोनं जातात. घड हातात धरायचा, कात्रीनं खराब मणी काढायचे, घड डब्यात भरायचा. कात्री लागते म्हणून मी अंगठ्याला चिंधी बांधते, हंगामभर ती सुटत नाही. घडातून सुटलेले चांगले मणी घरी न्यायला शेडवाले हरकत घेत नाहीत. सगळ्याच बायका पिशवीभर नेतात. हंगामात आमच्या कॉलनीत कुणी द्राक्षं विकत घेत नाही.

एक दिवस रिकाम्या क्रेटमध्ये एक पिल्लू सापडलं. काळं, छातीवर पांढरा ठिपका. मुकादम म्हणाला, "बाहेर टाका ते." मी ते पिशवीत घातलं. खाली मणी, वर पिल्लू. आयुष्यात कुणाला न विचारता केलेली ती माझी पहिली गोष्ट असेल. टेम्पोत बायका म्हणाल्या, "काय गं, पिशवी कुंई-कुंई करती?" मी खाली मान घालून बसले.

घरी आले आणि पिल्लू नणंदेच्या पाठीशी ठेवलं. त्यानं तिची ओढणी तोंडात धरली आणि ओढायला लागलं. तिनं आधी हात झटकला. मग वळून बघितलं. बऱ्याच वेळानं आतून तिचा आवाज आला, "वहिनी, हिला दूध दे ना." त्या दिवशी तिनं स्वतःचं ताटही मागितलं.

त्या कुत्रीला आम्ही नाव ठेवलंच नाही. मी 'ए पोरी' म्हणायचे, मग सगळेच म्हणू लागले.

नणंदेनं कॉम्प्युटरचा कोर्स केला. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला लागली. तिथं मागच्या बाजूला नेटची चार मशीनं होती. मग तिनं कुणाचा तरी वापरलेला, कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला आणि पोरीचे व्हिडिओ काढायला लागली. पहिला व्हिडिओ आमच्या ह्यांच्या मोज्याचा. पोरगी मोजा घेऊन पळते आणि हे एका पायात बूट घालून मागं लागलेत. तो तिनं दुकानातून नेटवर टाकला. मला ते काही कळेना. मी विचारलं, "टाकला म्हणजे कुठं गेला?"

"सगळीकडं, वहिनी. आता जगात कुणीपण बघू शकतं."

मी त्या दिवसापासून तिनं मोबाईल काढला की आत जायला लागले.

आत्या रोज दिवेलागणीला तसबिरींपुढं मेणबत्ती, उदबत्ती लावून वंदना म्हणतात. घरातले सगळे बसतो. पोरगी उंबऱ्यात असायची. द्राक्षांचा हंगाम होता. एके संध्याकाळी वंदना चालू असताना तिनं पुढचे दोन्ही पाय लांब केले, छाती जमिनीला टेकवली, डोकं पायांवर ठेवलं. मागचं अंग तसंच वर. अगदी माणूस वाकतं तशी. वंदना संपेपर्यंत हलली नाही.

आत्यांचे डोळे भरून आले. "बघा. जनावर असून कळतं. आणि आमच्या लेकाला मान वाकवायची जड जाती."

हे म्हणाले, "आई, आळस देतेय ती. उद्या म्हणशील पंचशील पाळती."

"पाळतीच. चोरी सोडली तर बाकी चार पाळती."

"आणि माझे मोजे?"

"तेच म्हणते ना, चोरी सोडली तर!"

नणंद पोट धरून हसली. इतकी हसली की मी तिच्याकडंच बघत राहिले. दोन-चार दिवसांनी पोरगी पुन्हा तशी वाकली, तेव्हा मोबाईल तयार होता.

तो व्हिडिओ खूप लोकांनी बघितला. किती, ते मला सांगता येणार नाही, पण रोज आकडा वाढला की नणंद दुकानातून पळत यायची. व्हिडिओच्या खाली लोक लिहायचे. ते ती कागदावर उतरवून आणायची आणि मी पोळ्या लाटत असताना वाचून दाखवायची, शाळेतल्यासारखी. "वहिनी, ऐक. हा कुठला तरी लांबचा आहे, म्हणतो मला ही कुत्री द्या. ही म्हणते, रोज सकाळी तुमचा व्हिडिओ बघून कामाला जाते." कॉलनीत लोक तिला 'कुत्रीवाल्या ताई' म्हणू लागले. 'परत आलेली' कुणी म्हणेना. ती केस नीट विंचरायला लागली. आरशात बघायला लागली.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांना हे पटलं नाही. दारात येऊन म्हणाले, "बाई, आपण चमत्कार मागं टाकून आलेली माणसं. कुत्र्यात भक्ती शोधू नका."

आत्या म्हणाल्या, "शोधत नाय गुरुजी. ती आपली आपण करती."

महिनाभरानं तेच गुरुजी गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन आले. "जरा दाखवता का, वंदन करते ते?" आत्यांनी ते वर्षभर ऐकवलं त्यांना.

आता मी जे बघितलं ते लिहिते.

मी घरात असायचे. बाकी सगळे बाहेर. मी शेडला सुट्टी असली की दिवसभर घरी, आणि एरवीही टेम्पो दुपारी चारपर्यंत सोडायचा. आल्यावर मी पिशवीतले मणी धुवायचे आणि एक वाटी पोरीला द्यायचे. तिला फार आवडायचे. मणी दाताखाली फुटला की कान हलायचे. नणंद तिला एकेक मणी हवेत उडवून द्यायची, त्याचेही व्हिडिओ होते.

एक दिवस मागच्या दारी पाण्याच्या ड्रमामागं ती मला दिसली. तशीच वाकलेली. पुढचे पाय लांब, मागचं अंग वर. तिथं मेणबत्ती नव्हती, वंदना नव्हती, कुणी बघायला नव्हतं. तिच्या मांड्या थरथरत होत्या. मी 'ए पोरी' म्हटलं तर तिनं फक्त डोळे वर केले. मग तिला उलटी झाली. त्यात द्राक्षांची सालं होती. मी राख टाकून पुसून घेतलं.

नंतर पुन्हा दिसली. पुन्हा. माझ्या ध्यानात आलं की ज्या दिवशी मणी खाते त्याच दिवशी वाकते. मणी नसले की वंदनेच्या वेळी ती नुसती बसून असते, जांभई देते. मला वाटलं, फवारणीचं औषध मण्यांवर राहत असेल. मी मणी मिठाच्या पाण्यात दोनदा धुवायला लागले. द्राक्षच बाधत असेल असं माझ्या मनात आलं नाही. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाताना द्राक्षं नेतात.

पण दुखतं आहे, हे मला कळलं होतं. जनावर कळ सोसत असलं की कसं दिसतं, ते मी माहेरी गोठ्यात बघितलं होतं. एकदा सांगायचं ठरवलं. नणंद दुकानातून आली, मी पोळपाट बाजूला सारला, तोंड उघडलं. तिच्या हातात कागद होता. "वहिनी, आधी हे ऐक," म्हणाली. वाचता वाचता तिला हसू आवरेना. मी तिच्या तोंडाकडं बघत होते आणि मला ती भिंत दिसत होती, तिची पाठ दिसत होती. मी पोळपाट परत पुढं ओढला.

हंगाम संपला, मणी संपले. पोरगीही बरी दिसायला लागली. मला वाटलं, गेलं ते दुखणं. नणंदेनं दुसरे व्हिडिओ काढले, मोज्याचे, चेंडूचे. लोकांना ते तितके आवडले नाहीत. खाली लिहायचे, ती वाकते तो टाका. पुढच्या साली मणी आले आणि पोरगी पुन्हा वाकायला लागली. नणंदेला आनंद झाला. मला झाला नाही. मी वाटीत मूठभर मणी टाकायचे ते अर्धी मूठ टाकायला लागले. तेवढंच मी केलं.

मग नाशकातल्या केबलच्या बातम्यांवाल्यांचा फोन आला. पौर्णिमेला येतो, शूटिंग करतो. कॉलनीभर झालं. आत्यांनी ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं. आदल्या दिवशी दुपारी नणंद माझ्यापाशी येऊन बसली.

"वहिनी, उद्या तिनं केलंच नाही तर? सगळी कॉलनी येणारे. लोक काय म्हणतील, खोटं होतं सगळं?"

मी बोलले. विचारल्याशिवाय कधी न बोलणारी मी. "दुपारी मणी घाल. मणी खाल्ले की हमखास करते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तू एवढं बघून ठेवलंस? आणि मला सांगितलं नाहीस?" तिनं मला मिठी मारली. "वहिनी, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!"

मला तेव्हा अभिमान वाटला. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, पण वाटला.

पौर्णिमेला मी शेडला गेले नाही. वाटी भरली. या वेळी अर्धी मूठ नाही, काठोकाठ. केबलवाल्याला पोरगी मणी खातानाही हवी होती. तो म्हणाला, "ताई, परत एकदा वाटी ठेवा. आणि जरा चेहरा दिसू द्या की." मी फक्त हात पुढं केला आणि मागं सरले. त्यानं तीनदा करायला लावलं. तीनदा मी वाटी भरली. नणंद बाजूनं स्वतःच्या मोबाईलवर काढत होती.

दिवेलागणीला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्यांनी मेणबत्ती लावली. आणि पोरगी वाकली. कधी नव्हे इतकी खाली. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. केबलवाला हळूच म्हणाला, "एक नंबर." वंदना संपली, सगळे टाळ्या वाजवायला लागले, ती उठली नाही. मेणबत्ती निम्मी जळाली तरी तशीच होती. कुणीतरी म्हणालं, "ध्यान लागलं बघा हिचं." मी दारामागं उभी होते. तिथून मला तिच्या मांड्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पाणी पिईना. उलट्या होत राहिल्या, मग लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्कूटर काढली. मागं नणंद, तिच्या मांडीवर माझ्या जुन्या साडीत गुंडाळलेली पोरगी. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड बंद पडलं आहे, काहीतरी विषारी पोटात गेलं असावं. सलाईन लावून परत पाठवलं. नणंद घरी येऊन ओरडली, "कुणीतरी घातलं! बघवलं नाही कुणाला!" मी चुलीपाशी होते. माझ्या मागं फळीवर ती वाटी धुऊन पालथी घातलेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी नणंद औषध आणायला गेली असताना पोरगी गेली. माझ्या मांडीवर. शेवटपर्यंत ती माझा हात चाटत होती, चिंधीवरून.

गुरुजींनी स्वतःचं फावडं आणलं. विहाराच्या मागं लिंबाखाली खड्डा त्यांनीच घेतला. आत्या घरात बसून होत्या. ह्यांनी मोजे वाळत घातले होते, ते काढून आत ठेवले. दोन दिवसांनी केबलवर बातमी लागली. शेजारची पोरं धावत सांगायला आली, "ताई, लागली, लागली!" नणंदेनं उठून टीव्ही बंद केला.

आठवड्यानं ती माझ्या शेजारी येऊन बसली, मी भाकरी करत असताना. पूर्वी धडे वाचायला बसायची त्याच जागी.

"वहिनी, एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. केबलवाले यायच्या आधी एका बाईनं खाली इंग्रजीत लिहिलं होतं. मला सगळं आलं नाही, पण तेवढं आलं. कुत्र्याला द्राक्षं विषासारखी असतात. आणि ती वाकते ते वंदन नाही, पोटात कळ आली की कुत्री अशी वाकतात. डॉक्टरकडं न्या म्हणून लिहिलं होतं. मी ते पुसून टाकलं. म्हटलं, हिला काय माहीत. नाशकात द्राक्षं खाऊन कुणी मेलंय का? म्हटलं, जळतात लोक."

तव्यावरची भाकरी फुगली होती. मी ती उतरवली नाही.

"मी मारलं तिला," ती म्हणाली. "तू तर बिचारी काही जाणत नव्हतीस."

त्या वाक्यानंतर मी बोलायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की मी ड्रमामागं बघितलं होतं. तुझ्याही आधी, एक वर्ष आधी. तुला तर कुण्या परक्या बाईनं लिहून कळवलं, मी डोळ्यांनी बघत होते. आणि मणी घाल म्हणून मीच सांगितलं. भाकरी जळाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती माझ्या खांद्यावर रडली, आणि मी तिला रडू दिलं, जसं काही मी तिची समजूत घालत होते.

तिनं पुन्हा व्हिडिओ काढला नाही. लोक खाली विचारत राहिले, नवा कधी टाकणार, ती कशी आहे. मग तेही थांबले. तिनं सगळे व्हिडिओ काढून टाकायचं ठरवलं होतं, पण पोरगी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मोबाईल आपटून फोडला होता आणि पासवर्ड त्यातच लिहिलेला होता. तिला तो आठवेना. त्यामुळं ते व्हिडिओ अजून तिथंच आहेत. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी तिनं टाकलेला शेवटचाही.

पुढं तिला पुण्यात काम मिळालं. ती तिकडंच राहते. दर रविवारी फोन करते. आधी सगळ्यांची चौकशी करते. ठेवायच्या वेळी आवाज बारीक होतो. "वहिनी, तिला तेव्हा फार दुखत असेल का गं? तुला कधी तसं दिसलं होतं का?"

"नाही गं," मी म्हणते. "तुझ्याजवळ कायम खुशीत असायची."

मागच्या महिन्यात माझ्या लेकीनं कॉलेजच्या मैत्रिणीच्या मोबाईलवर तो शेवटचा व्हिडिओ शोधून काढला. मला बोलावलं. मी नको नको म्हणत होते, तरी बघितलं. पोरगी उंबऱ्यात उभी आहे. शेपूट हलतेय. बाजूनं एक हात येतो, हिरव्या बांगड्या, अंगठ्याला चिंधी. काठोकाठ भरलेली वाटी ठेवतो आणि निघून जातो. पोरगी त्या हाताच्या दिशेनं बघते आणि मग खायला लागते.

"आई, हा तुझा हात ना?" लेकीनं विचारलं.

"कुणाचा तरी असेल," मी म्हटलं. "त्या दिवशी किती बायका होत्या घरात."

गेल्या रविवारी नणंद दोन दिवसांसाठी आली होती. मी ही वही त्याआधीच, तो व्हिडिओ बघितल्यापासून लिहायला घेतली होती. तिच्या हातात द्यायची, म्हणजे माझ्या वतीनं तीच वाचेल, असं मनात होतं. जाताना तिनं बसस्टँडवर पुन्हा तेच विचारलं. वही माझ्या पिशवीत होती. मी पिशवीत हात घातला, डबा काढला आणि तिला भाकरी दिली.

घरी येऊन हे शेवटचं पान लिहिते आहे. तो हात माझा आहे.